सायबर गुन्ह्यात नाव आलंय, वकील कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर काय करायचे, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे: १९३० ला फोन, पोर्टलवर तक्रार. त्याच तक्रारीच्या दुसऱ्या टोकाला ज्याचे नाव येते, त्याला मात्र कोणी काही सांगत नाही. नातेवाईक फोन उचलेनासे होतात आणि ‘आपल्या ओळखीचा एक जण आहे’ म्हणणारे अचानक वाढतात. खालचे प्रश्न आरोपीच्या आणि त्याच्या घरच्यांच्या बाजूचे आहेत. कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झालेला धरला आहे: भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आणि जोडीला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे आयटी अ‍ॅक्ट. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते.

व्हिडिओ कॉलवर सीबीआयचे साहेब सांगतायत की माझ्यावर गुन्हा आहे. लगेच वकील करू का?

आधी कॉल बंद करा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. सीबीआय, ईडी किंवा मुंबई पोलीस कोणालाही कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाहीत आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे वळते करायला लावत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये यावर बोलले, तरी हे कॉल थांबलेले नाहीत. त्याच कॉलवर कोणी ‘वकीलसाहेब’ जोडून दिले, तर तेही त्यांच्यातलेच समजा. इथे तुम्ही आरोपी नाही, सावज आहात. पैसे गेले असतील तर १९३०.

‘सायबर लॉयर’ अशी वेगळी पदवी किंवा परवाना असतो का?

नसतो. सनद एकच, ती घेतलेला वकील जमिनीचा दावाही चालवू शकतो आणि हॅकिंगची केसही. सायबर कायद्याचा डिप्लोमा केलेला असेल तर चांगलेच, पण तेवढ्यावर विसंबू नका. आमचे मत असे की पहिल्या पंधरा दिवसांत तुम्हाला साधा, कसलेला फौजदारी वकील लागतो, ज्याचा रोजचा दिवस त्याच कोर्टात जातो. रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभे राहणे, जामीन अर्ज वेळेत लावणे, सरकारी वकिलांचा ‘से’ (लेखी म्हणणे) कधी येणार याच्या मागे लागणे, तपासी अंमलदाराशी न भांडता आणि न झुकता बोलणे, ही कामे त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. आयपी लॉग (कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून लॉगिन झाले त्याची नोंद), सीडीआर (फोन कॉलची नोंद), हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) यांचा कस लागतो तो पुढे, दोषारोपपत्र आल्यावर आणि उलटतपासणीत. तेव्हा सायबर फोरेन्सिक जाणणारा माणूस जोडीला घेता येतो.

बरेच लोक उलट करतात. यूट्यूबवर सायबर कायदा समजावून सांगणारे नामांकित वक्ते गाठतात, भरपूर फी देतात, आणि रिमांडच्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर त्यांचा कालच लागलेला ज्युनिअर उभा असतो.

आधी फौजदारी वकील, या सल्ल्याला एक अपवाद आहे. आरोपच तांत्रिक असेल, म्हणजे सर्व्हरमध्ये घुसखोरी, सोर्स कोडची चोरी, दुसऱ्याच्या लॉगिनवरून झालेला व्यवहार, तर पहिल्या दिवसापासून तांत्रिक माणूस बरोबर हवा. ‘हे लॉगिन माझे होते, पण त्या वेळी मशिनवर मी नव्हतो’ हा मुद्दा जामीन अर्जातच नीट मांडावा लागतो.

मी नाशिकला राहतो, गुन्हा हैदराबादला दाखल झालाय. वकील कुठला घ्यायचा?

दोन्हीकडचा. सायबर गुन्ह्यात तक्रारदार एका राज्यात, बँक खाते दुसऱ्यात आणि सिम कार्ड तिसऱ्यात असते, त्यामुळे तेलंगण, केरळ किंवा गुजरातचे पोलीस महाराष्ट्रात येऊन दार वाजवतात ते काही नवल राहिलेले नाही. मूळ केस हैदराबादच्या कोर्टात चालेल, तिथला वकील शेवटपर्यंत लागेल. पण पोलिसांनी नाशिकहून उचलले, तर तिकडे नेण्यासाठी ते इथल्या मॅजिस्ट्रेटकडे ट्रान्झिट रिमांड मागतील. त्या तासाला नाशिकचाच वकील कामाचा.

अटकेची भीती असेल तर इथूनच ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मागता येतो. गुन्हा परराज्यात असला तरी ठरावीक मुदतीचे असे संरक्षण देण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी २०२१ मध्ये टूलकिट प्रकरणात बीडच्या एका अभियंत्याला औरंगाबाद खंडपीठाने दिल्लीच्या गुन्ह्यात दहा दिवसांचे असे संरक्षण दिले होते. हे दिवस तिकडच्या कोर्टात अर्ज करण्यापुरतेच असतात. ‘जामीन झाला’ म्हणून पेढे वाटून मोकळे होऊ नका.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर जिल्हा बघा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. मुंबईच्या वकिलाच्या खेपांचा खर्च त्यामुळे वाचू शकतो.

सायबर ठाण्यातून फोन आला, ‘जरा येऊन जा.’ वकील बरोबर न्यायचा का?

जाण्याआधी भेटायचा. न्यायचा की नाही ते तोच सांगेल. आधी फोनवर नम्रपणे दोन गोष्टी विचारा: कुठल्या तक्रारीत बोलावलेय, आणि लेखी नोटीस मिळेल का. नोटिशीवर कुठले कलम आहे यावर सगळे अवलंबून असते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे, निदान आज तरी. कलम ९४ असेल तर कागदपत्रे किंवा डेटा हवा आहे. कलम ३५(३) असेल तर तुम्ही संशयित आहात, पण अटक केलेली नाही. आणि नुसती ‘अर्ज चौकशी’ असेल तर अजून एफआयआरच झालेला नाही.

३५(३) च्या नोटिशीला घाबरून गावाला पळणे ही सगळ्यांत वाईट चाल. नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य करणाऱ्याला, अटक का गरजेची आहे याची कारणे नोंदवल्याशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्येच सांगितले आहे. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलीच, तर दुर्लक्ष करू नका. ती खरी की बनावट हे ठाण्यात विचारून घ्या आणि वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

अटक झाल्यावर चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवून ठेवण्याचा देत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते: पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायची तरतूदच कायद्यात नाही. पंचनामा वेगळा, नोटिशीची पोच वेगळी. सहीसाठी कागद पुढे आला की आधी विचारा, हा कुठला कागद.

माझं बँक खातं फ्रीज झालंय. मला तर कोणी फोनही केला नाही. मी आरोपी आहे का?

बहुतेक वेळा अजून नाही. फसवणुकीची रक्कम पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून पुढच्या दहात अशी पळवली जाते. तक्रार आली की त्या साखळीतली सगळी खाती गोठवण्याकडे पोलिसांचा कल असतो. तुम्ही विकलेल्या मालाचे पैसे कोणीतरी त्या रकमेतून दिले असतील, तरी तुमचे खाते साखळीत आले. सकाळी यूपीआय चालेनासे होते, शाखेत गेलात तर मॅनेजर संगणकाकडे बघून ‘वरून लावलंय’ एवढेच सांगतो.

तेवढ्यावर परत फिरू नका. बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या राज्याच्या, कुठल्या ठाण्याने सांगितले, पोर्टलवरच्या तक्रारीचा पोचपावती क्रमांक काय, वादातली रक्कम किती, आणि तेवढ्याच रकमेवर लिन (बँकेने लावलेली अडवणूक) आहे की सगळे खातेच बंद आहे. हा शेवटचा मुद्दा भांडण्यासारखा आहे. दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका छोले-भटुरे विक्रेत्याचे प्रकरण आले होते; कोणीतरी पाठवलेल्या १०५ रुपयांपायी त्याचे पूर्ण खाते गोठवले गेले होते. न्यायालयाने ते मोकळे करायला सांगितले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये गोठवणूक वादातल्या रकमेपुरती ठेवण्याची भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूने, बँक खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि तपासात पोलीस ती थांबवू शकतात, हा १९९९ चा तापस नियोगी निकाल आपल्याच राज्याच्या प्रकरणातला आहे. अधिकारच नाही, असे म्हणून भागणार नाही. अधिकार नीट वापरला का, गोठवल्याचे मॅजिस्ट्रेटला कळवले का, हे विचारता येते.

इथे वकील लागतो तो पत्र लिहायला. रागाच्या भरात तपास अधिकाऱ्याला लांबलचक ईमेल पाठवू नका. उद्या गुन्ह्यात नाव आलेच, तर ती ईमेल तुमच्याच विरुद्ध वाचली जाईल. बिले, जीएसटी, चॅट, डिलिव्हरीच्या पावत्या जोडून मोजके पत्र, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, तरी नाही झाले तर उच्च न्यायालय. ‘टक्केवारीवर खातं अनफ्रीज करून देतो’ म्हणणारे टेलिग्रामवर पुष्कळ सापडतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला अडकवणाऱ्यांचाच तो पुढचा धंदा असू शकतो.

मी फक्त मित्राला खातं वापरायला दिलं होतं. मग मी गुन्हेगार कसा?

हे वाक्य वकिलाला सांगा, ठाण्यात धडाधड बोलू नका. खाते किंवा सिम भाड्याने देणे हाच आजच्या सायबर गुन्ह्यांचा कच्चा माल आहे आणि पोलिसांच्या हाती आधी तोच लागतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवले. त्यांत एटीएमसमोर उभे राहून बनावट कार्डांनी पैसे काढणारे होते. सर्व्हरमध्ये घुसणारे डोके कुठल्या देशात बसले होते, याच्याशी त्यांच्या शिक्षेचे काही देणेघेणे नव्हते.

खटल्याचा सगळा भार ‘तुम्हाला माहीत होते का’ या प्रश्नावर असतो. म्हणून वकिलाला खरे सांगावे लागते: कमिशन मिळाले का, किती, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे होते, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा. यूएसडीटी हे क्रिप्टो चलन विकणाऱ्यांनी प्रत्येक सौद्याचा ऑर्डर आयडी, खरेदीदाराचे नाव आणि अ‍ॅपमधले चॅट जपून द्यावे. वकिलाला सांगितलेले तुमच्या संमतीशिवाय उघड न करण्याचे बंधन त्याच्यावर कायद्याने आहे. अशा टोळीच्या प्रकरणात न्याय संहितेचे कलम १११, म्हणजे संघटित गुन्हेगारी, लावले गेले तर जामिनाचे सगळे गणितच बदलते. त्यामुळे एफआयआर हातात आल्यावर वकील पहिल्यांदा तेच शोधतो.

वकील खरा आणि अनुभवी आहे हे घरबसल्या कसं तपासायचं?

सनदीपासून सुरुवात करा. महाराष्ट्र-गोव्यातल्या वकिलाच्या नोंदणी क्रमांकात ‘एमएएच’, अनुक्रमांक आणि नोंदणीचे वर्ष असते. तो मागायला लाजू नका. खरा वकील रागावत नाही. शंका असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे खातरजमा करता येते.

अनुभव तपासायची त्याहून चांगली जागा म्हणजे ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ. तिथे केसची स्थिती वकिलाच्या नावानेही शोधता येते. जिल्हा आणि कोर्ट निवडा, नाव टाका. जामीन अर्ज दिसतात की सगळे धनादेश न वटल्याचे खटले आणि वाटणीचे दावे, ते पाच मिनिटांत कळते. गेल्या दोन-तीन वर्षांतले चार जामीन अर्ज उघडून रोजनामा वाचा. ‘वकील गैरहजर’ असा शेरा वारंवार दिसला, तर पुढचे नाव बघा.

जाहिरातीवर जाऊ नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देता येते. ‘टॉप टेन सायबर वकील’ छापाच्या याद्या आणि तारांकनाची पोर्टले यांना मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये चांगलेच फटकारले आहे. म्हणून इथेही कोणाचे नाव वा नंबर सापडणार नाही. (हे वाचून हिरमोड झाला असेल, तर नाइलाज आहे.)

मग नाव मिळवायचे कुठून? तुमच्या जमिनीचे किंवा कराराचे काम बघणारा कुठलाही वकील असेल तर त्याला विचारा, ‘तुमच्या भावावर अशी केस आली तर तुम्ही कोणाकडे जाल?’ तो सहसा खरे उत्तर देतो. दोन-तीन जणांच्या तोंडून एकच नाव आले, तर त्याला भेटा. आणि ‘सीनियर अ‍ॅडव्होकेट’ हे न्यायालयाने दिलेले पद आहे. ते स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत आणि थेट पक्षकाराकडून केस घेत नाहीत. तुमचा नेहमीचा वकीलच त्यांना उभे करतो.

पहिल्या भेटीत काय न्यायचं, काय विचारायचं?

नोटीस, एफआयआरची प्रत, बँकेचे पत्र, खात्याचा उतारा आणि तारीखवार घडलेले एका कागदावर. एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, पण लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली असतात. तिथे वकिलालाच प्रत मिळवावी लागते.

विचारायचे ते असे: कोर्टात प्रत्यक्ष कोण उभे राहील? रिमांड रविवारी आला तर कोण येणार? आणि एक परीक्षा घेणारा प्रश्न: ‘आयटी अ‍ॅक्टचे कलम लागत असताना वर न्याय संहितेचे ३१८, म्हणजे फसवणुकीचे कलम, लावता येते का?’ मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा प्रकरणात डेटा चोरीच्या आरोपात आयटी अ‍ॅक्टबरोबर लावलेली दंड संहितेची कलमे टिकू दिली नाहीत. पण हा वाद एका निकालाने मिटलेला नाही. वकिलाने ‘बघावे लागेल, तुमच्या एफआयआरमध्ये नेमके काय लिहिलेय ते वाचू द्या’ म्हटले तर बरे लक्षण. ‘हमखास उडवतो’ म्हणाला तर चहा पिऊन उठा.

फोन फॉरमॅट करू का? चॅट उडवू का?

नाही. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे (न्याय संहितेचे कलम २३८ आणि २४१), आणि उडवलेले चॅट समोरच्याच्या फोनमध्ये असतेच. तुमच्या बाजूचा पुरावाही त्यातच जातो, ते वेगळे.

पोलीस लॅपटॉप-मोबाइल घेऊन जातात तेव्हा काय बघायचं?

पंचनामा. निम्म्या सायबर केसेसचे भवितव्य त्या दोन पानांवर ठरते, आणि घरचे त्या वेळी रडत किंवा चहा करत असतात. फोनचे मॉडेल आणि रंग लिहून भागत नाही. आयएमईआय क्रमांक, आत असलेले सिम, मेमरी कार्ड, स्क्रीनवरचा तडा, सगळे यायला हवे. फोन बंद केला की फ्लाइट मोडवर टाकला, पाकिटाला लाखेचे सील तुमच्यादेखत लागले का, पंच कुठले, सुरुवातीची आणि संपल्याची वेळ काय, हे बघून ठेवा. झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचे आहे. ते झाले नसेल तर त्याच रात्री तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा आणि वकिलाला द्या.

पुढे याच गोष्टी उलटतपासणीत येतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल निकालात पक्के केले, तो वाद मुळात जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता. सायबर बचावातला सर्वाधिक वापरला जाणारा हा निकाल एका निवडणूक याचिकेतून आला, याची आम्हाला अजून गंमत वाटते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यूही नमूद करायची असते. जप्तीच्या वेळची हॅश आणि प्रयोगशाळेतली हॅश जुळत नसेल तर मधल्या काळात फोनचे काय झाले, हा प्रश्न सरकार पक्षाला सतावतो.

कामाचा लॅपटॉप जप्त झाला असेल तर मुद्देमाल परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. तपासणी व्हायला मात्र महिनोन्‌महिने जातात.

पासवर्ड द्यावाच लागतो का?

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे संविधानाचे कलम २०(३) सांगते. पासवर्ड आणि बोटाचा ठसा त्यात येतात का यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. त्यामुळे ठाण्यात उभे राहून याचा निकाल लावू नका. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढे म्हणा.

जामीन मिळेल ना?

कलमांवर आहे. आयटी अ‍ॅक्टच्या ७७ बी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र आहेत. त्यात ६६, ६६ सी (दुसऱ्याची ओळख वापरणे), ६६ डी (तोतयेगिरीने फसवणूक), ६६ ई (खासगी चित्रण) आणि पहिल्या वेळचे ६७ (अश्लील मजकूर) येते. ६७ ए (उघड लैंगिक मजकूर) आणि ६७ बी (मुलांचे अश्लील चित्रण) अजामीनपात्र. गोची होते ती न्याय संहितेच्या ३१८(४) ने: सात वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र, आणि पैशाच्या जवळपास प्रत्येक एफआयआरमध्ये ते असतेच. गुंतवणुकीच्या नावाखाली ठेवी घेतल्या असतील तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा एमपीआयडी कायदाही लागतो आणि प्रकरण विशेष न्यायालयात जाते.

एफआयआरची वाट न पाहता, अटकेची रास्त भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. वकील लोक त्याला ‘एबीए’ म्हणतात. अटक झालीच आणि पोलिसांनी ठरल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन हा हक्क होतो: साध्या प्रकरणात ६० दिवस, दहा वर्षे वा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. अर्ज मात्र त्याच दिवशी हवा. दुपारी दोषारोपपत्र आले आणि तुमचा वकील संध्याकाळी जागा झाला, तर हक्क गेला.

रात्री उचलून नेलं. घरच्यांनी काय करायचं?

कुठल्या ठाण्यात नेले ते आधी नक्की करा; अटकेची माहिती जवळच्या माणसाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणे लेखी मिळाली का, ती त्याला समजणाऱ्या भाषेत आहेत का, हे वकिलाला तपासू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांमुळे एवढ्या एका त्रुटीवर अटक बेकायदा ठरू शकते. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. तेवढ्या वेळात वकीलपत्रावर सही होईल अशी व्यवस्था करा, त्याची औषधे पोहोचवा, आणि सोशल मीडियावर काहीही लिहू नका.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की ‘आता पोलीस कोठडी टळली’ असे पूर्वी समजत. नव्या कायद्यात पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. वकिलाला हे माहीत आहे ना, बघा.

फी किती पडते?

शहर, कोर्ट आणि वकील यांवर इतका फरक पडतो की आकडा देणे म्हणजे दिशाभूल. कामाचे टप्पे पाडून बोला: रिमांड, जामीन, उच्च न्यायालय, खटला. प्रत्येकाची फी वेगळी, टायपिंग-झेरॉक्स-प्रवास वेगळा, आणि पावती. ‘सुटलात तर इतके द्या’ असा सौदा वकिलाला नियमाने करताच येत नाही. आणि ‘साहेबांचं बघावं लागेल, त्याचे वेगळे’ असे कोणी म्हणाले तर तो वकील तुम्हाला आणखी एका गुन्ह्यात ओढतो आहे.

तेवढे पैसेच नाहीत.

१५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लावा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतला कोणीही माणूस उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलाला पात्र आहे. अनेक जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालये आहेत, तिथले वकील पूर्ण वेळ आरोपींचाच बचाव करतात. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा रिमांड कोर्टात जाऊन त्यांचे काम पाहावे.

कंपनीने डेटा चोरीची तक्रार केलीये. कंपनीचे वकील म्हणतात, आमच्याशी मोकळेपणी बोला.

ते कंपनीचे वकील आहेत, तुमचे नाहीत. हिंजवडीत काय आणि ऐरोलीत काय, राजीनाम्याच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह लावला म्हणून केस होते, आणि एचआरच्या खोलीत लिहून दिलेला ‘माफीनामा’ पुढे एफआयआरला जोडला जातो. स्वतःच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काही लिहून देऊ नका. नोटीस पोलिसांची नसून मंत्रालयातल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याची असेल, तर तो नुकसानभरपाईचा मामला आहे. राज्याचे आयटी सचिव तो ऐकतात, पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि अटक होत नाही. तिथे दिवाणी बाजूचा चांगला वकील जास्त उपयोगी.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. वर्गातल्या मुलीचा फोटो मॉर्फ केला म्हणतात.

प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि जामीन हा तिथे नियम आहे. मंडळापुढे नेहमी काम करणारा वकील शोधा. तिथे सत्र न्यायालयातला आवाज चढवणारा खाक्या चालत नाही. पोक्सो आणि ६७ बी लागू शकते, म्हणून ‘पोरांची मस्करी’ म्हणून सोडून देऊ नका. मुलांचे अश्लील चित्रण नुसते फोनमध्ये साठवणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. मुलीच्या घरी जाऊन विनवण्याही करू नका, तिला आणि तुम्हाला दोघांनाही त्याचा त्रास होतो.

एका पोस्टवरून ६६ ए लावतो म्हणतायत.

लावता येत नाही. आयटी अ‍ॅक्टचे ते कलम मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालाने रद्द झाले. त्या याचिकेमागे २०१२ चे आपल्या पालघरचे प्रकरण होते. मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिले म्हणून दोन तरुणींना अटक झाली होती. रद्द झाल्यावरही ते लावले जात असल्याचे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच नजरेस आले. तरी निर्धास्त होऊ नका, त्याच पोस्टवर बदनामीचे किंवा तेढ निर्माण केल्याचे कलम लागू शकते.

तक्रारदाराला पैसे परत देऊन मिटवू का?

वकिलामार्फत. फसवणूक कोर्टाच्या परवानगीने मिटवता येते, आयटी अ‍ॅक्टमधले छोटे गुन्हेही, पण स्त्री किंवा बालकाविरुद्धचे नाहीत. बाकीच्या बाबतीत संमतीने एफआयआर रद्द करायला उच्च न्यायालयात जावे लागते. स्वतः फोन केलात तर ‘साक्षीदाराला धमकावले’ असा अर्ज सरकार पक्ष जामिनाच्या सुनावणीत घालतो. पैसे द्यायचेच तर कोर्टात जमा करा, रोख हातात नको.

वकील बदलता येतो का? जुने वकील फाइल देत नाहीत.

येतो. जुन्या वकिलांची एनओसी घ्यायचा रिवाज आहे. दिली नाही तर कोर्टाला तसे सांगून परवानगी मागता येते. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या सक्सेना प्रकरणात ठरवले आहे. फी बाकी असेल तर ती वेगळी मागावी. तेवढे दिवसही हाताशी नसतील, तर नव्या वकिलाला कोर्टातून प्रमाणित प्रतींचा अर्ज करायला सांगा. दोषारोपपत्राची प्रत तर आरोपीला फुकट मिळते.